कॉपी काढून टाकली

शनिवार, संध्याकाळ

आज चित्र एकदाही अडखळलं नाही! पोलोग्राउंडच्या कारखान्यांच्या भागातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये कापड तपासायच्या मशीनवर यूएसबी कॅमेरा बसवलाय, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कॅमेरा चालवणारं सॉफ्टवेअर, मी लिहितेय. आठवडाभर चित्र अडखळत होतं, कारण प्रत्येक फ्रेम ड्रायव्हरमधून चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कॉपी व्हायची आणि त्यातच वेळ जायचा. मालक म्हणाले, "बेटा, कंप्युटरच नया ले लेते हैं ना."

मी ऐकलं नाही. कॉपी काढून टाकली आणि ड्रायव्हरचेच चार बफर, म्हणजे फ्रेम साठवायच्या मेमरीतल्या जागा, प्रोग्रॅमला थेट वाचायला दिले. जरा चुकलं असतं तर अख्खा कंप्युटर ठप्प, आणि सोमवारी मशीन बघायला गिऱ्हाईक येणार. एवढी हिंमत कुठून आली?

दुपारी बाबांना बोलावलं. त्यांचं सगळं आयुष्य मिलमध्ये कापड तपासण्यात गेलं. मिल बंद पडल्यावर त्यांनी कुठल्याच कारखान्यात पाऊल टाकलं नव्हतं. आज आले. स्क्रीनवर कापड सलग सरकत होतं.

"रुक, रुक! इथे धागा तुटलाय," बाबा एकदम म्हणाले.

थांबवून पाहिलं. खरंच तुटला होता. मला तर दिसलाच नसता.

मालक म्हणाले, "जोशीजी, सोमवार को आप ही दिखाइए ग्राहक को."

 आत्ता जेवताना बाबांनी हळूच विचारलं, "सोमवारी किती वाजता निघायचं गं?"