कव्हराच्या आतलं अंगण

प्रिय आबा,

तुम्हाला जाऊन सव्वा वर्ष झालं. इतके दिवस पत्र लिहावं असं वाटलं नाही. लिहून ते टाकायचं तरी कुठे? पण काल शेजारच्या मंगलाच्या आईंनी दिवाळीची साफसफाई काढली आणि माझं सातवीचं इतिहासाचं पुस्तक परत आणून दिलं. "हाई तुमनंच शे," म्हणाल्या. माझ्यामागून ते मंगलाने वापरलं, मग तिच्या बहिणीने. आता पुस्तकच बदललं, म्हणून आलं माहेरी.

कव्हर एका कोपऱ्यात उचकटलं होतं. आतून एका निळ्या कुंडीचा तुकडा दिसला.

तुमचं कॅलेंडर, आबा!

मिलला रंग पुरवणाऱ्या एजंटने दिलेलं. बारा महिन्यांना बारा जुनी घरं, सगळी स्पेनची आणि स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखांची. ग्रानाडाचा तो राजवाडा, सिंहांच्या पाठीवर कारंजं असलेला. मेक्सिकोतलं एक घर, बाहेरून अख्खं निळ्या-पांढऱ्या फरशांनी मढवलेलं. आणि तुमचं लाडकं कॉर्डोबाचं घर: रस्त्याकडे कोरी भिंत, आत अंगण, भिंतीभर निळ्या कुंड्या. शहराबाहेरच्या सचिन वसाहतीतल्या साड्यांच्या मिलमध्ये दिवसभर शेठला हव्या तशा कोयऱ्या काढून तुम्ही यायचात, चहा प्यायचात आणि कॅलेंडरच्या खिळ्यासमोर उभे राहायचात. "देख व शालू, घरना मझार आंगन! आपला गावना मायक!" अगदी आपल्या गावासारखं, म्हणे. वर्ष सरलं, दुसरं सरलं, तरी कॅलेंडर काही उतरेना. आई म्हणायची, यांची सासुरवाडी आहे तिकडे.

तुम्ही त्या चित्रांवर पेन्सिलने चौकटी आखायचात. मला वाटायचं साड्यांचं काम. डिझाइन मोठं करताना तुम्ही नेहमीच चौकटी आखायचात ना?

मग जून आला. शाळेत बाईंना पांढरीशुभ्र कव्हरं लागायची आणि कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदासारखं कव्हर दुसरं नाही, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. जुनं कॅलेंडर कुणी ठेवतं का? मी बाराही पानं काढली. सहा पुस्तकं, सहा वह्या. चित्रं आत, पांढरी बाजू बाहेर, कडांना खळ लावून पक्कं चिकटवलं. केवढी खूश होते मी!

तुम्ही आलात. रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिलात. मग माझ्याजवळ बसलात आणि बाराही कव्हरांवर वळणदार अक्षरात माझं नाव घातलंत. "झकास चढाई व माय," कव्हरं चढवल्याची शाबासकी देत म्हणालात. आणि उठताना हळूच, "वरीस सरनं की मन्हा कागद माले परत दे."

मी "हो हो" म्हणाले. वर्ष सरलं. वह्या पस्तीवाल्याकडे रद्दीत गेल्या, पुस्तकं गल्लीत वाटली. माझ्या डोक्यातून ते पार गेलं होतं. तुम्हीही पुन्हा विचारलं नाहीत. का नाही विचारलंत? पाठीत एक धपाटा घातला असता तर मी रडत का होईना, दारोदार जाऊन आणली असती!

काल मी ओल्या फडक्याने खळ भिजवून ते कव्हर सोडवलं. कॉर्डोबाचंच निघालं. चौकटी होत्याच. पण त्या चौकटींत तुमचं बारीक अक्षर होतं. कारंज्याच्या जागी 'तुळस'. कुंड्यांखाली 'हिचा चुलीचा ओटा'. आणि वरच्या खिडकीपाशी, 'शालू इथे अभ्यासाला'.

साडी नव्हतीच ती. गावच्या जागेवर तुम्ही घर आखत होतात! आणि मी ते फाडून अभ्यासाच्या पुस्तकांना घातलं. पानं लावताना ती अक्षरं मला दिसली नसतील का? दिसली असतील. वाचायची तसदी घेतली नाही.

आईला दाखवलं. ती म्हणाली, "माले माहीत व्हतं. तेच म्हनेत, पोरले सांगू नको, रडत बसी."

मी कव्हरं घातली त्याच्या पुढच्याच वर्षी तुम्ही गावची जागा काकांना देऊन टाकलीत. "आपल्याले काय करनी शे?" एवढंच बोललात आणि चपला घालून कामावर गेलात. त्या कागदांमुळेच का हो, आबा? की तुमचं मन आधीच उडालं होतं? आता कुणाला विचारू? शेवटपर्यंत तुम्ही पर्वत पाटियाच्या याच एका खोलीत राहिलात आणि मी या एका खिडकीत अभ्यास केला, बाहेर रिक्षांचा गलका ऐकत. माझं लग्न ठरलं तरी तुम्ही त्या कागदांबद्दल हूं की चूं केलं नाहीत. इतकं सांभाळून घ्यायला नको होतं तुम्ही मला.

वह्यांची सहा घरं गेली, ती काही परत येत नाहीत. पण पाच पुस्तकं अजून याच गल्लीत कुणाच्या तरी माळ्यावर असतील. उद्यापासून दिवाळीचा फराळ द्यायला जाईन, तेव्हा प्रत्येक घरी विचारीन. लाज वाटली तरी विचारीन. तुमचा खिळा अजून भिंतीत आहे. कॉर्डोबाचं घर मी आजच त्यावर टांगलंय, आणि सापडेल ते प्रत्येक पान तिथेच टांगीन. या वेळी चित्राची बाजू बाहेर ठेवून.

तुमचीच,
उशिरा वाचायला शिकलेली
शालू