मॅडम आता आधी गात नाहीत

१८ जुलै
विनया मॅडमनी आज गाण्याच्या तासाला मोबाईलवरचं रेकॉर्डिंग बंद करायला लावलं! म्हणाल्या, "यापुढं मी आधी गाणार नाही. तू गा, मी ऐकेन." संगीताच्या एम.ए.ला आले तरी मी त्यांच्या मागूनच गात आले. त्या म्हणणार, मी तेच म्हणणार. त्या कुणालाच रेकॉर्ड करू देत नाहीत. मैफली तर कधी केल्याच नाहीत. मी निरवांगीहून एसटीनं बारामतीला येते-जाते, घरी गाणं सांगणारं कुणी नाही, म्हणून एकट्या मला परवानगी होती. आता तीही गेली. रागही आला आणि रडूही.

१९ जुलै
तानपुरा जुळवण्यातच तास संपला. मॅडम शेजारी बसून होत्या. तानपुऱ्याला हात लावला नाही.

२३ जुलै
रविवार. आप्पा जनावरांना वैरण टाकत होते, तेव्हा सांगितलं.
"मॅडम शिकवत न्हाईत, मग तू तितं जाऊन करती काय?"
"माझं मी शिकायला शिकते, आप्पा."
"मग त्यांचं काय काम हाय?"
खरं म्हणजे मलाही तेच वाटतंय.

२ ऑगस्ट
चोरून जुनं रेकॉर्डिंग लावते. उन्हाळ्यापासूनचं सगळं आहे मोबाईलमध्ये. यमनची बंदिश हुबेहूब बसली. उद्या दाखवतेच!

३ ऑगस्ट
'पवन' शब्दावर मॅडमनी थांबवलं. "'प' म्हणून श्वास घेतलास. शब्द का तोडला, पिंकी?"
"तुम्ही तिथंच घेता." जरा ठसक्यातच म्हटलं.
मॅडम म्हणाल्या, "मला दम पुरत नाही गं. घशात गाठ आहे."
त्यांचं दुखणं मी गाणं समजून पाठ केलं. रोज समोर बसत होते — आणि एवढं कळू नये? स्वतःची लाज वाटली.

४ ऑगस्ट
मॅडम म्हणाल्या, "ते ऐकणं बंद कर. आधी शब्द वाच. श्वास कुठं हवा ते तुझं तू ठरव. चुकलीस तर तुझं चुकू दे."

११ ऑगस्ट
जमत नाही. ठरवते एक, गळ्यातून येतं मॅडमचंच. मग हात मोबाईलकडं जातो. आज मनाचा हिय्या केला — सगळं पुसून टाकलं. परत काढता येणार नाही असं. मॅडमनी तसं सांगितलं नव्हतं, पण मला माझा भरवसा नाही. जिवावर आलं होतं. आता वाट बंद.

२७ ऑगस्ट
हल्ली स्वतःचंच रेकॉर्ड करून ऐकते. भयंकर! निषाद उतरलेला, ताना उगाच. पण काय चुकतं ते आता माझं मला कळतं, कुणी सांगावं लागत नाही. काल अख्खी ओळ एका दमात गायले. मॅडम म्हणाल्या, "ही तुझी." तेवढंच. स्टँडपर्यंत हसत गेले. एसटी कळंबच्या पुढं आल्यावर आठवलं, त्यांचं ऑपरेशन ठरलंय पुण्याला. मग खिडकीकडं तोंड करून बसले.

५ सप्टेंबर
वर्ग रिकामा. तानपुरा पटकन लागला. सांगायला कुणी नव्हतं.

९ सप्टेंबर
मॅडमच्या मुलीचा, इराताईचा, फोन आला. ऑपरेशन नीट झालं. गाठ निघाली, पण स्वरयंत्रही काढावं लागलं. "आई वाचली, पिंकी. आवाज मात्र कायमचा गेला." मग म्हणाली, "सकाळपासून खुणा करतेय, तिला तिचं गाणं ऐकायचंय. आमच्याकडं काहीच नाही गं. तुझ्याकडं आहे ना? पाठवशील?"
हो म्हणाले. मोबाईलमध्ये आता फक्त माझंच गाणं आहे.