जाहीर प्रयोगासह

तीर्थरूप अण्णामामांस,

कांदिवलीहून तुमच्या भाच्याचा, माणिकचा, साष्टांग नमस्कार (जागेअभावी आठांतली चारच अंगं टेकली आहेत, बाकीची सोफ्यावर आहेत असं समजावं). गुडघा कसा आहे? मामी देते ते तेल चोळता, की बाटली नुसती उशाशी ठेवता? फोनवर तुम्ही "आवाज येत नाही" म्हणून ठेवून देता, म्हणून हे पत्र. आम्ही मजेत.

बातमी अशी की आपली फिल्म विकली गेली! तुमच्या दशावतारावर मी केलेला माहितीपट, ज्यात तुम्ही गुळगुळीत दाढी करून, लुगडं नेसून द्रौपदी होता, तो मुलुंडच्या एका कॉलेजच्या लायब्ररीने घेतला. आजवर तो फक्त नातेवाइकांनी पाहिला होता, तोही फुकट आणि वर जेवून.

लायब्ररीला फिल्म विकणं म्हणजे आंब्याची पेटी विकणं नव्हे, मामा. पेटी दिली की आंबे गिऱ्हाइकाचे, खावेत नाहीतर सडवावेत. फिल्म देऊनही आपलीच राहते, द्यायचा तो नुसता परवाना. घरी बघणाऱ्याला एक दर, कॉलेजला दुसरा, पोरं जास्त तर दरही जास्त. शिवाय परवाना तीन वर्षांचा की कायमचा? मी म्हटलं, तीन वर्षांनी मामांना कपाटातून बाहेर काढणं माझ्याच्याने होणार नाही, कायमचाच घ्या. पुढे तुमची द्रौपदी कुणी बघेल का, या विचाराने (हसू नका) माझा जीव तुटायचा.

त्यांच्या मराठी विभागाचा हट्ट, दरपत्रक मराठीतच हवं. झकास! मी दोन ओळी लिहिल्या. एकेकट्याने बसून बघायची असेल तर 'फक्त वाचनालयासाठी', आणि हॉलमध्ये सगळ्यांना एकदम दाखवायची असेल तर 'जाहीर प्रयोगासह'. ('खेळ' लिहायला हवं होतं, पण तुमच्या घरात वाढलेल्या माणसाच्या तोंडी प्रयोगच येणार ना!) त्यांनी महागातली दुसरी ओळ निवडली. मी आख्ख्या सोसायटीत जिलेबी वाटली. बायको म्हणाली, आधी सही तर होऊ दे. ऐकतो कोण!

सही करायला गेलो तर गेटवर हा मोठा फलक: 'अण्णा परब आणि मंडळींचा दशावतार. प्रत्यक्ष प्रयोग!' आणि खाली, चपला कुठे काढाव्यात ते सांगतात तसल्या बारीक अक्षरांत, 'सोबत माहितीपट'. वाट लागली! एवढ्यात ग्रंथपाल दीप्तीबाई लगबगीने आल्या आणि विचारू लागल्या, पेटीवाला आणि मृदंगवाला तुमचाच ना, की आम्ही बघू? मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर त्या सांगायला लागल्या की त्या मूळच्या वेंगुर्ल्याच्या, लहानपणी जत्रेत बाबांच्या मांडीवर बसून त्यांनी तुम्हाला पाहिलंय, आणि द्रौपदी रडली तेव्हा त्याही भोकाड पसरून रडल्या होत्या. मग हळूच मालवणीत विचारलं, "अण्णा येतले मां?" मामा, मी आवरायच्या आधीच माझी जीभ म्हणाली, "येतले."

मला ठाऊक आहे, गेल्या जत्रेनंतर तुम्ही लुगडं खुंटीला लावलंत. "म्हाताऱ्या द्रौपदीचा लुगडा ओढूक कोण येतलो?" म्हणालात, आणि त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. म्हणून मी आग्रह करत नाही. दीप्तीबाईंना खरं काय ते सांगेन. त्यांचा चेहरा पडेल, बहुधा फिल्मही परत येईल, पण तुमच्या मनाविरुद्ध काही नको.

लोभ आहेच, हे पत्र वाचून झाल्यावरही राहावा.

तुमचा,
माणिक

ता. क. आग्रह नाही म्हटलं खरं, पण प्रयोग पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी आहे. सगळ्या मंडळींची तिकिटं काढली आहेत. गुडघ्यासाठी तुम्हाला खालचा बर्थ.

आणखी एक ता. क. काल मामीशी बोललो. ती म्हणाली, लुगडं एक दिवसही खुंटीवर राहिलेलं नाही. दुपारी गोठ्याचं दार लावून तुम्ही रोज गाईपुढे द्रौपदी करता. गाय एकटीच बघते, तेव्हा मी ते 'फक्त वाचनालयासाठी' धरलं आहे.