‘एकच प्रवेश’वरची खूण

१८ मे १९९५, इंदिरा नगर

जर्मनीच्या शिबिराचं पत्र आलं. शेवटचे दोन दिवस प्रागला, मग विमानासाठी परत फ्रँकफर्टला. आता युरोपात सात देशांना एकच व्हिसा चालतो, पण प्राग त्यात नाही. तिकडे गेले की परत आत घेणार नाहीत. व्हिसाच्या अर्जात मीच ‘एकच प्रवेश’वर खूण केली. खाली ‘अनेक प्रवेश’ होतं! पण बाबा म्हणाले होते, “परक्याच्या दारी गरजेपुरतंच मागावं.” मलाही तेच प्रामाणिक वाटलं.

धाकटी सुमी इथल्या हिंदीत म्हणते, “दीदी, प्राग में ही बस जाना!” हसूच येईना. ती खूण डोळ्यांपुढून जात नाही.

परवा दिल्लीला जर्मन वकिलातीत जाऊन जास्त प्रवेश मागायचे. बाबा म्हणाले, “मीही येतो.” त्यांच्यादेखत कसं मागू?