वजनकाट्यामागच्या पुंगळ्या

४ मार्च

सापडल्या! चार रिकाम्या पुंगळ्या, रायफलच्या काडतुसांच्या! बंद पडलेल्या दगडखाणीच्या वजनकाट्यामागे, वीतभर खोल. मेटल डिटेक्टर असा केकाटला की मी तिथेच उकरायला बसलो. आठ महिन्यांत या यंत्राने मला दिलं काय, तर बाटल्यांची बुचं आणि एक गंजकी बिजागरी. बायको त्याला आपली सवत म्हणते. "घेऊन आलात का तिला फिरवून?" आज पुंगळ्या तिच्यासमोर ओळीने मांडल्या. ती म्हणाली, "आधी हात धुवा."

बाबांना अजून दाखवल्या नाहीत. वजनकाटा म्हणजे त्यांचीच पहाऱ्याची जागा.

५ मार्च

झोप नीट लागली नाही. लिहून टाकतो, म्हणजे डोकं हलकं होईल.

पंचावन्न वर्षांपूर्वी खाणीत संप झाला. मोर्चा आत घुसला, साहेबाने गोळीबाराचा हुकूम दिला, एक कामगार जागीच गेला. रायफलवाले पहारेकरी तिघं. दोघं बदली घेऊन परगावी गेले. बाबा इथेच राहिले, म्हणून सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फुटलं. ते एकच वाक्य बोलायचे — "मला कुणाला मारायचं नव्हतं." त्यापुढे अवाक्षर नाही. आई विचारून विचारून थकली आणि गेली.

त्या कामगाराची मुलगी आमच्या कोपऱ्यावर औषधांचं दुकान चालवते. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी. बाबांच्या औषधांची चिठ्ठी तिने आजवर माझ्या हातून घेतलेली नाही. काउंटरवर ठेवायची, नोकर उचलतो. औषध मात्र कधी चुकीचं दिलं नाही, हेही खरं.

बाबा शहाऐंशीचे आहेत. जायच्या आधी त्यांच्यावरचा हा डाग पुसला जावा, एवढंच मला हवंय.

११ मार्च

आणखी सहा! एकूण दहा! सगळ्या एका चादरीएवढ्या जागेत. म्हणजे झाडणारा एका जागी उभा होता, हलला नाही. साबणाच्या पाण्यात बुडवून घासत बसलो. "तो माझा दातांचा ब्रश आहे," बायको म्हणाली. नवा आणून देईन म्हटलं.

बुडाशी अक्षरं आणि साल कोरलेलं आहे. संपाच्या आदल्या वर्षीचं! दहाही तेच.

१२ मार्च

माझं दुरुस्तीचं दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. गिऱ्हाइकांची शिलाई मशीनं कुठे पळून जात नाहीत.

भिंग लावून एकेक पुंगळी पाहिली. बार उडवताना बंदुकीतली सुई मागून टोचते, तिचा खड्डा राहतो. दहाही खड्डे मधोमध नाहीत — जरासे डावीकडे, सगळे सारखे. तीस वर्षं वाकड्या सुया सरळ करतोय, मला कोण फसवणार? रायफल एकच!

दुसरी गंमत तोंडाशी. कडा आत दुमडलेल्या. ट्रकखाली चेंगरल्या असतील म्हणून मी पकडीने एक सरळही केली. मग डोक्यात प्रकाश पडला — प्रत्येकीला सहा चुण्या, आणि त्या सारख्या अंतरावर! ट्रकचं चाक कधी मापात चुण्या घालत नाही. तेवढ्यावर हात आवरला. उद्या-परवा बंदूकवाल्या काकांना गाठायचं. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या बंदुका दुरुस्त केल्या आहेत.

१४ मार्च

काकांना ऐकू येत नाही, त्यामुळे आमची गुप्त चर्चा अर्ध्या गल्लीने ऐकली.

"ही सरळ कोणत्या गाढवाने केली?"

"मी."

"बाकीच्यांना हात लावू नकोस. पुरावा आहे तो."

मग त्यांनी समजावलं. खऱ्या काडतुसात तोंडाशी शिशाची गोळी बसवलेली असते, तिथे चुण्या पडतच नाहीत. आत नुसती दारू असेल तर ती सांडू नये म्हणून तोंड चुण्या घालून मिटतात. ही सरावाची काडतुसं. बिनगोळीची! "आवाज मोठा, इजा काही नाही," काका म्हणाले.

मी तिथेच रडलो. काकांना वाटलं, गाढव म्हटल्याचा राग आला. त्यांनी बिस्किटांचा डबा पुढे केला.

बाबांच्या जागी उभ्या माणसाने दहा बार काढले आणि एकातही गोळी नव्हती. बाबांनी कुणालाही मारलेलं नाही!

१५ मार्च

आधी बाबांना सांगायला हवं होतं. पण मला दम कुठला! सकाळी उठलो तो थेट औषधांच्या दुकानात. डबी काउंटरवर उघडली आणि धडाधडा बोलत सुटलो.

बाईंनी नोकराला आत पाठवलं. एक पुंगळी स्वतः उचलली, चुण्यांवरून नख फिरवलं. विचारलं, "सगळ्या अशाच आहेत?"

"सगळ्या," मी म्हटलं.

"मी चार वर्षांची होते. तेव्हापासून तुमच्या वडिलांकडे बघितलेलं नाही." मग म्हणाल्या, "रविवारी दहाला येते. मला त्यांच्याशी बोलायचंय."

मी घरी चालत आलो नाही, तरंगत आलो.

१७ मार्च

बायकोने पडदे धुतले. बाबांनी विचारलं, कोण येतंय? उद्या सांगतो म्हटलं. त्यांचा चेहरा मला अगदी समोरून बघायचाय.

१८ मार्च, सकाळी आठ

बाबांसमोर डबी ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी पुंगळ्या एकेक करून मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"अकरावी?"

मग त्यांनी सांगितलं. रायफलच्या मॅगझीनमध्ये दहा बिनगोळीची काडतुसं त्यांनीच भरली होती, साहेबाच्या नकळत. कुणाला लागू नये म्हणून. पण आधीच्या पाळीच्या पहारेकऱ्याने एक खरं काडतूस नळीत चढवून ठेवलं होतं. ते बघायचं राहिलं, आणि पहिला बार त्याचाच उडाला.

दहा वाजता बाई येतील. त्यांना निरोप पाठवून नको म्हणू का, असं मी विचारलं.

"येऊ दे," बाबा म्हणाले. "तू मध्ये बोलू नकोस. मी सांगतो तिला."