मर्लच्या चहाघरात टीप घेण्याबाबत

मी, मर्ल ॲग्नेस स्ट्राउड, माहेरची पोल्किंगहॉर्न, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार वॉलरू, दक्षिण ऑस्ट्रेलिया, व्यवसाय आयुष्यभर लोकांना खायला-प्यायला वाढण्याचा, आज पूर्ण शुद्धीत आणि बऱ्यापैकी खुशीत हे मृत्युपत्र लिहून ठेवते. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्यांनी मला पंतप्रधान कोण ते विचारलं. मी नाव सांगितलं आणि मतही सांगितलं. दाखल्यात फक्त नाव आलं आहे. याआधी केलेली माझी तिन्ही मृत्युपत्रं रागाच्या भरातली होती, ती रद्द समजावीत.

कलम १. समुद्राकडचं राहतं घर, आतल्या सामानासकट, माझी एकुलती एक मुलगी रॉसलिन हिला मिळावं. मागचं दार पावसाळी हवेत फुगतं. त्याला खाली डाव्या कोपऱ्यात लाथ घालावी. इतरत्र घातल्यास फक्त पाय दुखतो.

कलम २. वडिलांची दुर्बीण माझा भाऊ लॉरेन्स याला द्यावी, म्हणजे त्याला निदान यापुढे तरी नीट दिसेल. १९७१ साली मी माझ्या नवऱ्याला धक्क्यावरून समुद्रात ढकललं, असं तो त्रेपन्न वर्षं गावभर सांगत आला आहे. हे खोटं आहे. वेंडेल तेव्हा माझा नवरा नव्हता. तो अमेरिकेतून धान्याच्या कोठारांची यंत्रं बसवायला आलेला एक गिऱ्हाईक होता. मी चहाघरात वाढायचं काम करत होते. त्याने एक पेस्टी, म्हणजे आमच्याकडची मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, खाल्ली आणि बशीखाली दोन डॉलरची हिरवी नोट ठेवून गेला. तेवढ्या पैशांत तेव्हा आणखी दोन माणसं जेवली असती. विसरला असेल म्हणून मी ती घेऊन त्याच्यामागे धक्क्यापर्यंत पळाले, तर हा माणूस लाजून म्हणतो, "बाई, कमी पडले का?" आणि दुसरी नोट काढतो.

माझे वडील याच धक्क्यावर माल उतरवत. पगारवाढीसाठी त्यांनी संप केले, आम्ही महिनाभर पाव आणि भाजलेल्या मांसाच्या चरबीवर काढला, पण कुणापुढे हात पसरला नाही. मी दोन्ही नोटा त्याच्या खिशात कोंबायला गेले. तो मागे सरला. मागे धक्का संपला होता. मी त्याला धक्का दिलेला नाही, हे इथे लेखी नोंदवते. खेकडे धरणाऱ्या दोघांनी त्याला वर ओढलं, तर ओल्या खिशातून तो त्यांनाही काही देऊ लागला. ते इतके हसले की तो पुन्हा पाण्यात जाता जाता वाचला.

दुसऱ्या दिवशी तो परत आला आणि गंभीरपणे विचारू लागला, की मग तुमच्याकडे आभार मानतात कसे? मी म्हटलं, तोंडाने. पुढची सत्तेचाळीस वर्षं त्याने माझे आभार तोंडाने मानले. इतरांचे मात्र चोरून नाण्यांनीच. न्हाव्याला, दूधवाल्याला, चर्चमधल्या ऑर्गनवाल्या बाईलाही. मी मागोमाग जाऊन परत आणत असे. शेवटच्या आजारात त्याने अंत्यविधीवाल्याच्या हातातही आगाऊ काहीतरी सरकवलं. ते मात्र मी परत मागितलं नाही.

कलम ३. बँकेत जे काही असेल ते गोदी कामगारांच्या सभागृहाच्या छपरासाठी द्यावं. पत्रे या वेळी चांगल्या प्रतीचे घ्यावेत.

कलम ४. रॉसलिनला कार्ड मशीनची किंमत भरून द्यावी. माफी त्यात धरू नये.

१९८९ साली मी ते चहाघर विकत घेतलं आणि दहा वर्षांपूर्वी रॉसलिनकडे चालवायला दिलं. गेल्या वर्षी मी तिथे पेस्टी घ्यायला गेले. गल्ल्यावरच्या मशीनने मला, माझ्याच चहाघरात, विचारलं की टीप किती टक्के देणार, दहा, पंधरा की वीस? मी 'नाही' दाबलं. त्याने पुन्हा विचारलं, नक्की? मी ते काखेत मारलं, धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेले आणि सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी ते कुणाच्या तरी जाळ्यात वर आलं, आत खेकडा.

रॉसलिनचं म्हणणं असं की शहरातले लोक आपणहून देतात, वाढणाऱ्या पोरींना चार पैसे जास्त मिळतात, तुला काय त्रास? माझं म्हणणं असं की आज मशीन मागेल, उद्या मालक त्याच पैशांकडे बघून पगारवाढ थांबवेल, आणि पोरी गिऱ्हाइकाचं पाकीट बघून हसायला लागतील. यावर आम्ही मायलेकी अकरा महिने बोललो नाही. या गावात हे सोपं नाही, रस्ते फार थोडे आहेत.

कलम ५. तपकिरी किटली, लोकरीच्या टोपीसकट, श्री. मर्विन क्लॅटवर्दी, मेंढ्या कातरण्याच्या कामातून निवृत्त, यांना द्यावी. मी चहाघर रॉसलिनकडे देईपर्यंत हे गृहस्थ तीस वर्षं दर रविवारी येऊन चहा गार आहे म्हणून माझ्याशी भांडत.

या ऑगस्टमध्ये एका रविवारी रॉसलिनकडे वाढणाऱ्या दोन्ही पोरी तापाने पडल्या. तिने मला फोन करून तेवढंच सांगितलं आणि ठेवून दिला. मी ॲप्रन घेऊन गेले. एका हातावर तीन बशा अजून राहतात, हे त्या दिवशी कळलं. दुपारी बघते तर क्लॅटवर्दींच्या बशीखाली दहाची नोट, आणि स्वारी वॉकर ढकलत दारातून पसार. मी मागे धावले. धावले म्हणजे आम्ही दोघंही जोरात चाललो. बेकरीसमोर गाठलं.

"क्लॅटवर्दी, चहाचे पैसे दिलेत तुम्ही. हे कसले?"

ते वॉकरकडे बघत म्हणाले, "मर्लबाई, चहा गरमच असायचा."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. घरी बोलायला कुणी नाही. तक्रार केली की तुम्ही दहा मिनिटं थांबायचात."

मी म्हटलं, ते माझ्या पगारात आलं. ते म्हणाले, "चहा आणून देणं पगारात आलं. माझं ऐकून घेणंसुद्धा?"

मी नोट घेतली. आयुष्यातली पहिली. परत येऊन रॉसलिनला दाखवली. ती इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली, आणि तिचं बघून मलाही दुसरी लागली. आतली गिऱ्हाइकं ताटकळली, पण टीप कुणी कापली नाही, कारण कुणी देणारच नव्हतं.

किटलीबाबत तक्रार असल्यास श्री. क्लॅटवर्दींनी माझ्या थडग्यापाशी यावं. तिथे वारा असतो, मोठ्याने बोलावं.

कलम ६. चहाघर, जागेसकट, निम्मं रॉसलिनला आणि निम्मं तिथे काम करणाऱ्यांना समान मिळावं. पगार कायद्याप्रमाणे पूर्ण द्यावा, रविवारचा दीडपट. कुणी आपणहून हातात काही ठेवलं तर त्याच्या तोंडावर फेकू नये, किंवा त्याला समुद्राच्या दिशेने रेटू नये. पण मागायचं नाही. मशीननेही नाही.

कलम ७. मला वेंडेलच्या डाव्या बाजूला पुरावं. उजव्या कानाने त्याला ऐकू येत नसे.

कलम ८. वकील मिस कार्मेला रुगेरी यांनी हे सगळं चहाघरातल्या खिडकीजवळच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवलं. तेवढा वेळ रॉसलिन शेजारचं एकच टेबल पुसत होती. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "आई, रविवारी माणूस कमी आहे. येशील?"

मी म्हटलं, "दीडपट?"

"दीडपट."

सबब, वकीलबाईंची नाराजी पत्करून हे कलम सहीआधी घातलं आहे. मी या रविवारपासून कामावर रुजू होत आहे. तेव्हा वरील कलमं अमलात आणण्याची कुणी घाई करू नये.

सही: मर्ल ॲग्नेस स्ट्राउड

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत, एकाच वेळी, लिहून देणारीने वरील सही केली. आम्हाला यातलं काहीही मिळणार नाही, हे आम्हाला सांगण्यात आलं आहे.

साक्षीदार १: नोएलिन हॉकिंग, पोस्टमास्तर
साक्षीदार २: बेसिल ट्रेनॉर्डन, लोखंडी सामानाचे व्यापारी

स्थळ: वॉलरू
दिनांक: बुधवार, ९ ऑक्टोबर २०२४