त्या रविवारी दिलेली साक्ष

माय,

तुझ्या कबरीवरचा सिमेंटचा क्रूस मी मध्यंतरी बदलला. आधीचा गवंड्याकडून करून घेतला होता, तो डावीकडं झुकला. आताचा मी स्वतः साचा करून ओतलाय, ओळंबा धरून उभा केलाय, आणि तो सरळ आहे. पण लिहायला बसलोय ते यासाठी नाही. मागच्या रविवारी मी चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली. हे ऐकून तू हसली असतीस. देवानं आपल्यासाठी काय केलं ते आराधनेच्या मधे चारचौघांत उठून सांगायचं, हे तुझं नेहमीचं होतं. पोटातली कळ थांबली तरी तू उठायचीस, चुकलेली शेळी घरी आली तरी उठायचीस. मी मात्र पन्नाशी ओलांडेपर्यंत एकदाही उठलो नाही. मला खात्री नसलेली गोष्ट बोलता येत नाही. लोक याला गर्व म्हणतात. असेल.

तुझ्या सुनेला तू पाहिलं नाहीस. ती उदगीरकडची. तीन वर्षांमागं अंगणात तूर पाखडत बसली असताना तिच्या उजव्या हातातलं सूप गळून पडलं. मी दुकानाला निघालो होतो. म्हणालो, "अगं, लक्ष कुठंय?" तिनं माझ्याकडं बघितलं, आणि तोंडातून शब्दाऐवजी नुसता आवाज आला. तिला गुलबर्ग्याला नेलं. आता कलबुर्गी म्हणतात. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही, म्हणून उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. घरी आणली तेव्हा तिच्यापाशी एकच शब्द शिल्लक होता, "व्हय". पाणी पाहिजे असलं तरी व्हय, नको असलं तरी व्हय, माझ्यावर चिडली तरी व्हय. कोणत्या सुरात म्हणते त्यावरून मी ओळखायला शिकलो. ते मला कुणी शिकवलं नाही, जसं काट्यांचं कामही कुणी शिकवलं नाही.

तू होतीस तेव्हा मी तराजूच्या वाकलेल्या दांड्या सरळ करायचो, एवढं तू पाहिलंस. आता भालकीच्या गंजात, धान्याच्या बाजारात, आडत्यांकडं धान्य मोजायला सगळे इलेक्ट्रॉनिक काटे आहेत. तेही मी उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून शिकलो. सातवीनंतर शाळेची पायरी चढलो नाही, तरी ते काटे दुरुस्तीला माझ्याकडंच येतात. मधोमध वजन ठेवलं आणि आकडा बरोबर आला, एवढ्यावर मी काटा बरोबर आहे असं म्हणत नाही. चारही कोपऱ्यांवर ठेवून बघतो. कोपऱ्यात चुकणारा काटा मधे बरोबर दाखवतो, हे पुष्कळांना माहीत नसतं.

तर तिचं सगळं मीच केलं. अंघोळ, कपडे, भाकरी, हातापायाचा व्यायाम, आणि मधल्या वेळात दुकान. मूलबाळ नाही, तुला नातवंड मिळालं नाही, हे या निमित्तानं लिहून टाकतो. शेजारच्या अक्का, आपल्याच मंडळीतल्या, सुरुवातीला रोज डबा घेऊन यायच्या. मी दुसऱ्या दिवशी तो घासून, आत साखर नाहीतर डाळ घालून परत द्यायचो, म्हणजे कुणाचं काही देणं राहायला नको. एकदा त्या दारातच थांबल्या. "कामून ओ अण्णा, आमची भाकरी तुमच्या काट्यावर कमी भरती का?" मी म्हणालो, "तसं नाही अक्का, मला जमतंय." "जमायलंय ते दिसायलंय की," म्हणाल्या आणि माझ्या शर्टाकडं बघून गेल्या. शर्ट उलटा घातलेला होता. त्यानंतर डबा बंद झाला. चर्चच्या बायका घरी प्रार्थनेला येऊ का विचारायच्या, त्यांनाही मी पुढं कधीतरी म्हणून सांगायचो. चर्चला जाणंही सुटलं. देवावर राग नव्हता. रविवारी कपडे धुवायचे असायचे, एवढंच.

दुसऱ्या वर्षी तुरीच्या हंगामात आपल्या तालुक्यातल्या मेहकरच्या एका आडत्याचा काटा परत आला. मी दुरुस्त केलेला काटा परत यायची ही पहिलीच वेळ. एका कोपऱ्यात फरक दाखवत होता. मी तो कोपरा बघितलाच नव्हता. बघायचा विसरलो होतो. आडत्या भला माणूस, आवाजही चढवला नाही. "तुमच्या हातचा काटा परत आणायची पाळी कधी आली न्हवती, अण्णा. घरी बरं हाय न्हवं?" त्यानं भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. काटा ठेवून घेतला, दुकान बंद केलं, घरी आलो. सकाळचे दहा-साडेदहा वाजले असतील. तिनं अंथरूण ओलं केलं होतं. ते बदललं, तवा ठेवला, पीठ मळायला घेतलं, आणि पाणी किती घालायचं ते मला आठवेना. परात पुढ्यात घेऊन मी नुसता उभा होतो. आतून ती "व्हय, व्हय" म्हणत होती, आणि कोणत्या सुरात म्हणतेय तेही मला कळत नव्हतं.

तेव्हा तू आठवलीस. आपोआप आठवलीस असं म्हणतो, कारण मुद्दाम आठवायची ताकद नव्हती. मिशनच्या मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर. पत्र्याखाली दोन चुली, धूर, ज्वारीच्या पिठानं भरलेल्या पराती. तू भाकऱ्या थापायलीस आणि मी दाराशी कोठीतला मोडका तराजू घेऊन बसलोय. निम्म्या भाकऱ्या झाल्यावर तू हात धुतेस, पालथ्या पातेल्यावर बसतेस आणि पदर डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढून घेतेस. चूल पेटलेली आहे, तव्यावर काही नाही. वसतिगृहाच्या बाई बाहेरून विचारतात, भाकऱ्या कुठवर आल्या. मी ओरडून सांगतो, "माय झोपलीय!" तू पदर काढतेस, उठतेस, माझ्या पाठीत पिठाच्या हातानं एक धपाटा घालतेस.

"झोपले न्हवते रे. त्येला म्हणलं, आता जरा तू बघ, मला हुईना."

"देव भाकऱ्या थापतो व्हय?"

"थापत न्हाई. थापणारीला उठवतो. आन येड्या, परत माय झोपलीय म्हणून बोंबललास तर तुजा तराजू चुलीत घालीन."

मी गॅस बारीक केला आणि ओट्याला पाठ लावून खाली बसलो. खांद्यावरचा टॉवेल डोक्यावरून ओढला. मला वचनं पाठ आहेत, मराठीत आणि कन्नडमध्येही, पण त्या वेळी एकही आलं नाही. तुझंच वाक्य म्हणालो. आता जरा तू बघ, मला हुईना. 'हुईना' हा शब्द मी आयुष्यात कुणासमोर काढला नव्हता, देवासमोरही नाही.

काही झालं नाही, हे आधी लिहितो. आवाज आला नाही, उजेड दिसला नाही, अंगावर काटा आला नाही. टॉवेलला फिनेलचा वास येत होता. थोड्या वेळानं मी उठलो, पाणी अंदाजानं घातलं आणि भाकऱ्या केल्या. त्या बऱ्या झाल्या. तिला भरवल्या, दुपारी काटा उघडला, चारही कोपरे नीट केले आणि मेहकरला स्वतः नेऊन दिला. झोपायच्या वेळी लक्षात आलं की सकाळी मी संपलो होतो आणि त्यानंतर दिवसभराचं काम झालं होतं. ते कशावर झालं, याचा हिशेब माझ्यापाशी लागत नव्हता. योगायोग असेल म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. मग रोज. मधे मुद्दाम काही दिवस बसणं सोडून बघितलं, कारण तपासल्याशिवाय मी मानत नाही. त्या दिवसांतही कामं झाली, खोटं कशाला सांगू. पण संध्याकाळपर्यंत माझा आवाज करडा व्हायचा, आणि तिला कुशीवर वळवताना हात जड पडायचा. बसलेल्या दिवशी तसं व्हायचं नाही. काम तेवढंच, माणूस निराळा. तिचं दुखणं कमी झालं नाही, माझं ओझंही नाही. ते उचलायला रोज नवं बळ मिळत होतं, आणि ते कालचं उरलेलं नव्हतं.

आणखी एक झालं. एकदा त्याच्यासमोर हुईना म्हटल्यावर माणसांसमोर म्हणणं तेवढं अवघड राहिलं नाही. अक्कांच्या दारात जाऊन म्हणालो, "अक्का, दुपारची भाकरी तुमच्याकडून आली तर बरं होईल." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आत्ता आलं डोस्कं ठिकाणावर. डबा मातर रिकामा द्यायचा, साखर घालून पाठवलासा तर तोंडावर फेकीन." मग घरच्या प्रार्थनेलाही बायका यायला लागल्या. एका गुरुवारी त्यांनी दोन कन्नड गाणी म्हटली. बायको भिंतीला टेकून गप्प बसलेली. मग अक्कांनी जुनं मराठी गाणं काढलं, तिच्या माहेरी म्हणत ते. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज आला. नुसता सूर नव्हे, शब्द. सगळं कडवं, एकही शब्द न चुकता. जिला पाणी मागता येत नाही, ती गात होती. बायका रडायला लागल्या. गाणं संपल्यावर मी तिला विचारलं, "अजून म्हणतेस?" ती म्हणाली, "व्हय." पुन्हा तेवढंच.

दुसऱ्या दिवशी पास्टरसाब घरी आले. मोठा चमत्कार झाला, रविवारी साक्ष द्या, म्हणाले. "मुकी बोलली, अण्णा!"

"बोलली नाही. गायली."

"देवाला दोन्ही एकच."

"मला नाही."

मी डॉक्टरांना फोन करून विचारलं होतं. गाणं मेंदूच्या दुसऱ्या बाजूला राहतं, असं पुष्कळांच्या बाबतीत होतं, म्हणाले. हे पास्टरसाबांना सांगितलं तर ते थोडे हिरमुसले, पण आग्रह सोडला नाही. मी अडचणीत होतो. उठून बरी झाली म्हणावं तर खोटं. गप्प बसावं तर मला जे मिळालं होतं ते दाबून ठेवल्यासारखं, आणि तेही मापात खोटंच. शेवटी तिला विचारलं, उभा राहू का. तिनं व्हय म्हटलं. त्या व्हयला काही वजन नसतं, पण सूर होकाराचा होता.

रविवारी तिला चाकाच्या खुर्चीत पहिल्यांदा नेलं. आराधना कन्नडमध्ये असते, तरी मी मराठीतच बोललो. म्हणालो, "माझी बायको बरी झालेली नाही."

"व्हय!" ती मोठ्यानं म्हणाली. सगळं चर्च हसलं. तीही हसली, तोंडाच्या एका बाजूनं. पास्टरसाबांनी खाली बघितलं. मी पुढं बोललो. "हात उचलत नाही, बोलणं आलेलं नाही. गाणं उरलंय, त्याबद्दल देवाचे आभार. पण साक्ष माझी आहे. मी संपलो होतो. अजूनही रोज संपतो. रोज बसून त्याला तसं सांगतो, आणि रोज उठतो. ते उठायचं बळ माझं नाही. माझं असतं तर मला कळलं असतं, माझं किती आहे ते मी मोजून बसलोय." एवढं बोलून बसलो. आमेन फार मोठं आलं नाही. अक्का मागून म्हणाल्या, "लई मोजकं बोलतंय बाई हे मानूस." पण जे बोललो त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि मला स्वतःबद्दल बरं वाटलं. तिथंच घोळ झाला असावा.

आराधनेनंतर बाहेर एक तरुण बाई आली. दुबलगुंडीहून लग्न होऊन आलेली, सासू कित्येक वर्षं अंथरुणाला, नवरा कामाला बाहेरगावी. डोळ्यांखाली काळं, कडेला लेकरू. हळू आवाजात म्हणाली, "काका, ते बसून सांगायचं म्हणलासा न्हवं, ते तुमाला कुणी शिकवलं?"

आणि मी म्हणालो, "कुणी नाही. माझं मीच."

तोंडातून निघालं ते सवयीनं. काट्यांबद्दल विचारतात तेव्हा मी हेच म्हणतो. तिनं मान हलवली. "मंग मला न्हाई जमायचं. तुमी हुशार मानूस," म्हणाली, लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि फाटकातून बाहेर पडली. मी तिला हाक मारली नाही. बायकोची खुर्ची पायरीवरून उतरवायची होती.

साक्षीतले सगळे कोपरे तपासले आणि हा राहिला. वसतिगृहात शेकड्यानं भाकऱ्या थापणारी, सहीच्या जागी अंगठा उठवणारी बाई हे करत होती, एवढं सांगितलं असतं तर ती पोरगी घरी जाऊन तशीच पदर ओढून बसली असती. हुशारी लागत नाही, हे तिला कळलं असतं. ती येत्या रविवारी येईल की नाही, ठाऊक नाही. आली तर तिला गाठून सांगायचं, एवढं ठरवलंय. हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी तिला सांगायच्या आधी टाकलं नसतं.

तिला सांगायचं वाक्य घरात म्हणून बघितलं. माझी माय वसतिगृहात भाकऱ्या थापायची, तिनं शिकवलं. सोपं आहे. पण म्हणायला गेलं की 'भाकऱ्या थापायची'च्या जागी तोंडात अजून, आजवर लाजून सगळ्यांना सांगत आलो तेच, 'नोकरीला होती' येतं.